डिक्शनरी बाजूला ठेवून ऐतिहासिक कादंबरी वाचली तेव्हा

मी बडोद्याची. दांडिया बाजारात लहानाची मोठी झाले, शाळा इंग्लिश मीडियम, मैत्रिणींशी गुजराती आणि मराठी फक्त घरात. म्हणजे स्वयंपाक, सणवार, लग्नकार्य, रुसवेफुगवे एवढ्यापुरतं माझं मराठी अगदी पक्कं, पण पुस्तकातलं मराठी कधी शिकायलाच मिळालं नाही. नोकरीत जरा स्थिर झाल्यावर मनात घेतलं की आता मराठी कादंबरी वाचायचीच, आणि मुद्दाम शिवकाळावरची चांगली जाडजूड निवडली. लोक म्हणाले की आधी काहीतरी सोपं घे, पण माझा विचार वेगळा होता. अफझलखान, शाहिस्तेखान, आग्रा हे सगळं आजोबांकडून ऐकत मोठी झालेय, त्यामुळे पुढे काय होणार ते मला माहीत, आणि गोष्ट माहीत असली की अनोळखी शब्द आला तरी आपण पूर्ण अंधारात नसतो. हे मला फार उपयोगी पडलं. कोणाला असं शिकायचं असेल तर मी आजही हेच सांगेन की ज्याची गोष्ट ठाऊक आहे असं पुस्तक आधी घ्या, पातळ की जाड ते नंतर बघा.

तरी सुरुवात जडच गेली. पहिल्या काही पानांतच खलिता, जासूद, देवडी, हुजऱ्या, पलिता, फर्जंद असे शब्द एकामागून एक, आणि मी मोबाईल शेजारी घेऊन बसलेली, प्रत्येक शब्द टाईप करून अर्थ बघायचा आणि परत पानावर यायचं. त्यात व्हायचं असं की पानाच्या शेवटी शब्दांचे अर्थ कळलेले असायचे पण घोड्यावरून कोण आलं, का आलं हेच विसरलेलं असायचं, आणि दुसऱ्या दिवशी ते अर्थही गेलेले. साताऱ्याच्या आत्याला फोनवर हे सांगितलं. ती मराठीची शिक्षिका होती, आता रिटायर झालीय. ती म्हणाली, "अगं, तू शब्दाच्या मागे धावू नकोस, वाचत जा पुढे. कामाचा शब्द असेल तर तो परत येईल तुझ्याकडे. आणि नाही आला तर त्याच्यावाचून काही अडलं नाही असं समज." मग मी तसंच करायचं ठरवलं. प्रकरण संपेपर्यंत मोबाईल दुसऱ्या खोलीत, हातात पेन्सिल, अनोळखी शब्दाखाली एक बारीक टिंब द्यायचं आणि पुढे जायचं. प्रकरण संपलं की टिंबं असलेले शब्द वहीत उतरवायचे आणि समोर आपला अंदाज लिहायचा, डिक्शनरी त्याच्यानंतर.

अंदाज कशावरून करायचा हे हळूहळू कळत गेलं. मी आधी शब्दाकडेच टक लावून बघायचे, तो कशासारखा दिसतो, कशासारखा ऐकू येतो. त्यापेक्षा त्याच्या शेजारचं क्रियापद बघितलं की जास्त कळतं. मराठीत क्रियापदं इतकी नेमकी आहेत की वस्तूचं अर्धं वर्णन तीच करून टाकतात. एखादा सरदार निघायची तयारी करतोय, अंगात काहीतरी घातलं, डोक्यावर काहीतरी चढवलं, कमरेला काहीतरी आवळलं, त्यात काहीतरी खोचलं. आता खोचायची वस्तू कशी असणार, तर लांबट, हलकी, एका हातात मावणारी. म्हणजे कट्यार हा शब्द मला माहीत नसता तरी ती ढाल नाही हे खोचली या एका शब्दाने सांगितलं असतं. तसंच रिकिबीत पाय ठेवला आणि मांड टाकली. पाय ठेवला, मग लगेच घोड्यावर बसला, म्हणजे रिकीब ही पाय ठेवायची जागा. हे इतकं सरळ होतं की नंतर डिक्शनरीत बघायचीही गरज वाटली नाही, पण बघितलं आणि बरोबर निघालं तेव्हा फार आनंद झाला. घोड्याला तोबरा चढवला हेही तसंच, मुक्कामाला आल्यावर, खोगीर उतरवल्यावर आणि दाणावैरणीच्या गडबडीत हे वाक्य येतं, मग तोबरा म्हणजे तोंडाला बांधायची चंदीची पिशवी हे आपोआप उलगडतं.

मग मी वहीत प्रत्येक शब्दाशेजारी तीन गोष्टी लिहायला लागले, हा शब्द कोणाच्या हातात असतो, कुठे असतो, आणि त्याचं काय करतात. अर्थ लिहायची घाई नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे जासूद. हिंदी येत असल्याने डोक्यात पहिलं काय आलं तर जासूस, म्हणजे हेर. पण कादंबरीतला जासूद दिवसाढवळ्या यायचा, धुळीने माखलेला, देवडीवर त्याला कोणी अडवलं की आपण कोणाकडून आलोय ते सांगायचा, आत येऊन मुजरा करायचा आणि कागद द्यायचा. हेर असं कशाला करेल? हेरगिरीचं काम करणारी माणसं त्याच पुस्तकात वेगळीच होती, ती फकिराच्या नाहीतर गोसाव्याच्या वेषात यायची, रात्री यायची, आणि त्यांच्यासाठी हेर आणि नजरबाज असे शब्द होते. तिसऱ्या-चौथ्या वेळेला माझ्या वहीत जासूदपुढे लिहिलं होतं, निरोप आणि पत्र पोचवणारा. डिक्शनरीत दोन्ही अर्थ निघाले, बातमी काढणारा आणि पत्र नेणारा. पण कादंबरीतला जासूद कोणता हे मला डिक्शनरीने सांगितलं नसतं, ते त्या धुळीने माखलेल्या माणसाने सांगितलं.

खलिताही तसाच. जासूदाने खलिता दिला, चिटणीसांनी तो उघडून वाचला, म्हणजे पत्र. पण कुठेतरी खलित्यातून पत्र काढलं असं आलं आणि मी थांबले, पत्रातून पत्र कसं काढणार. मूळ अर्थ पिशवी. राजेरजवाड्यांची पत्रं लांबट कापडी पिशवीत घालून पाठवायचे आणि मग पिशवीचं नाव आतल्या पत्रालाही लागलं. असा दुसरा अर्थ पहिल्यावर चढलेला दिसला की मला फार आवडतं.

अनोळखी शब्दांपेक्षा अवघड गेले ते ओळखीचे शब्द. अनोळखी शब्द निदान सांगतो तरी की मी तुला माहीत नाहीये. पण रुमाल, दारू, फड, कारखाना यांच्यावरून आपण सरळ पुढे जातो आणि दोन ओळींनी लक्षात येतं की वाक्याचा काही मेळच लागत नाहीये. पावसात वेढा पडलाय, गडावरचे लोक काळजीत आहेत की दारू भिजली तर काय करायचं. इथे मला गुजरातीने वाचवलं, कारण आमच्याकडे दिवाळीच्या फटाक्यांना दारूखानुं म्हणतात, लहानपणापासून ऐकलेला शब्द, त्यामुळे दारू म्हणजे तोफाबंदुकांची दारू हे डोक्यात पटकन आलं. मराठीतही शोभेची दारू म्हणतात हे आत्याने सांगितलं. रुमालाला मात्र वेळ लागला. कारकुनाने रुमाल सोडला आणि त्यातून जुना कागद शोधून काढला. खिशातला रुमाल सोडतात कशाला आणि त्यात कागद कुठून आले? मग पुढे परत दप्तरखान्याचं वर्णन आलं, फडताळात रुमाल रचून ठेवलेले, आणि चित्र पूर्ण झालं, कागदपत्रं मोठ्या चौकोनी कापडात बांधून ठेवायचे आणि त्या गाठोड्याला रुमाल म्हणायचे. पुण्यातल्या पेशवे दप्तरातली कागदपत्रं आजही रुमालांनीच मोजतात हे नंतर कळलं. आपण शाळेत दप्तर नेतो ते दप्तरही याच घरातलं. म्हणून माझा नियम असा झाला की ओळखीच्या शब्दाने वाक्य अडलं तर वाक्याला दोष द्यायचा नाही, आधी तो शब्द परत तपासायचा.

काही शब्द जोडीने कळतात. बारगीर आणि शिलेदार कितीतरी पानं मला दोन्ही नुसते घोडेस्वारच वाटत होते. एका लढाईनंतरचा प्रसंग होता, ज्यांची घोडी पडली त्यातल्या काहींना पागेतून दुसरी घोडी मिळाली आणि एक शिलेदार मात्र घोडं गेलं म्हणून खचून बसलाय. का? कारण त्याचं घोडं त्याचं स्वतःचं होतं. बारगिराला घोडा सरकारातून, शिलेदाराचा घोडा घरचा. एवढा मोठा फरक, लष्कराची सगळी व्यवस्था ज्यावर उभी आहे तो, लेखकाने कुठे समजावून सांगितला नव्हता, एका माणसाच्या दुःखात ठेवला होता. पुढे पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार ही उतरंड वाचताना मला एकदाही अडलं नाही.

शब्दाचे तुकडे पाडून बघायचं हेही उपयोगी पडतं, फक्त त्यावरच विसंबून राहता येत नाही. शेवटी खाना आला की ती जागा किंवा खातं असणार हे चटकन कळतं, नगारखाना, पीलखाना, शिलेखाना, मुदपाकखाना, जामदारखाना. पुढचा तुकडा संदर्भावरून भरायचा. पीलखान्यात माहूत होते, म्हणजे हत्ती. मुदपाकखान्यातून वास येत होते, म्हणजे स्वयंपाक. फरासखाना आला तेव्हा तर मी एकटीच खूश झाले, कारण आमच्याकडे मंडप, गाद्या, खुर्च्या भाड्याने देणाऱ्या दुकानावर फरासखाना असंच लिहिलेलं असतं, आणि कादंबरीत फरासखान्याची माणसं तंबू ठोकत होती, बिछायती अंथरत होती, सगळं तंतोतंत जुळलं. माझ्या पुण्याच्या मैत्रिणीला विचारलं तर तिच्या दृष्टीने फरासखाना म्हणजे बुधवार पेठेतली पोलीस चौकी, बाकी काही नाही. मराठी मुलुखाच्या बाहेर राहिल्यामुळे मराठी कच्चं राहिलं असं मी कायम ऐकत आले, पण हा शब्द तर माझ्या गल्लीत जिवंत होता.

आणि आता जो भाग मला सगळ्यात जास्त आवडला तो. कादंबरीच्या पहिल्या निम्म्या भागात मुजुमदार, डबीर, सुरनीस, वाकनीस, सरनौबत अशी पदं होती आणि मी कोण काय काम करतं यावरून ती ओळखायला शिकले होते. मुजुमदार जमाखर्च बघतो, डबीर बाहेरच्या राज्यांशी बोलणी करतो. मग राज्याभिषेकाचं प्रकरण आलं, १६७४ सालचं, आणि त्यानंतर अचानक अमात्य, सुमंत, सचिव, मंत्री, सेनापती. मला वाटलं नवीन माणसं आली. पण कामं तीच होती, जमाखर्चाचा विषय निघाला की अमात्य बोलायचे, दुसऱ्या राज्याचा वकील आला की सुमंत पुढे व्हायचे. म्हणजे पदं तीच, नावं बदलली. पेशव्यांचे मुख्य प्रधान झाले, सरनौबताचे सेनापती झाले. आत्याला उत्साहाने फोन केला तर ती म्हणाली, "हे नुसतं कादंबरीतलं नाही, महाराजांनी खरंच रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले त्यात." तेराशेहून जास्त शब्द आहेत त्या कोशात. आणि मग मला आठवण झाली की आमच्या बडोद्यातही सयाजीराव महाराजांनी कारभाराच्या शब्दांचा असाच एक कोश करवून घेतला होता, सयाजी शासन शब्दकल्पतरू, १९३१ चा, त्यात इंग्रजीसोबत गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी अशा कितीतरी भाषांतले शब्द शेजारी शेजारी दिलेत. कारभार आपल्या भाषेत चालावा म्हणून राजाने शब्दांकडे इतकं लक्ष द्यावं हे मला फार मोठं वाटतं. नुसती डिक्शनरी उघडून अमात्यचा अर्थ बघितला असता तर हे काहीच माझ्यापर्यंत पोचलं नसतं.

शब्द वाक्यात कुठे येतो यावरून जसा अर्थ कळतो, तसा तो कागदावर कुठे येतो यावरूनही कळतो. कादंबरीत मधेमधे जुन्या वळणाची पत्रं दिली होती. प्रत्येक पत्राच्या शेवटी लेखनसीमा किंवा मोर्तबसूद असायचं. लेखनसीमा तर स्वतःच सांगते, लिहिणं इथे संपलं. मोर्तब काय ते कळेना, पण ते नेहमी शेवटीच आणि चिटणीस पत्र पुरं करतो तेव्हाच यायचं. मग पेपरात रोज वाचतो तो शिक्कामोर्तब आठवला. पत्राच्या माथ्यावर मोठा शिक्का, महाराजांचा तो प्रतिपच्चंद्रलेखेव वाला, आणि खाली पत्र संपलं तिथे मर्यादेयं विराजते हा छोटा, तो मोर्तब, म्हणजे याच्यापुढे कोणी एक अक्षर वाढवायचं नाही. निर्णयावर शिक्कामोर्तब झालं असं आता वाचते तेव्हा मला वरचा आणि खालचा दोन्ही शिक्के दिसतात.

डिक्शनरी मी सोडून दिली असं नाही, उलट नंतर जास्त आवडायला लागली. शिकागो युनिव्हर्सिटीच्या साईटवर मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही फुकट बघता येतात. मोल्सवर्थ १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची, अर्थ इंग्रजीत दिलेत, माझ्यासारखीला ते सोयीचंच. फक्त आपला अंदाज आधी लिहिलेला असावा असं माझं ठाम मत आहे. अंदाज लिहिला की कोशातला अर्थ वाचताना आपण ताडून बघतो, कुठे जुळलं, कुठे कमी पडलं, आणि तो शब्द मग डोक्यातून जात नाही. तळटीपेत लगेच अर्थ देणाऱ्या आवृत्त्या म्हणूनच मला फारशा पटत नाहीत, वाचणाऱ्याला विचार करायला दोन ओळींची तरी उसंत द्यावी.

मर्यादा पण आहेत आणि त्या मानायला पाहिजेत. इंग्रजीतल्या वाचनाबद्दल पॉल नेशन या भाषातज्ज्ञांनी बरंच काम केलंय, त्यांचं म्हणणं असं की बाहेरच्या मदतीशिवाय नीट समजायला शंभरातले साधारण ९८ शब्द ओळखीचे हवेत. अडीचशे-तीनशे शब्दांच्या पानावर म्हणजे पाच-सहा अनोळखी शब्द चालतील. दरबाराच्या वर्णनाची पानं याच्या कितीतरी पुढे जायची, किनखाप, मंदील, शिरपेच, चौकडा, आबदागीर, मोर्चेल सगळं एका दमात. तिथे संदर्भ फक्त जात सांगतो. कानात आहे म्हणजे कानातलं काहीतरी, डोक्यावर आहे म्हणजे पागोटं किंवा पागोट्यावरचा दागिना. मी तिथे थांबायचेच नाही, दागिना कळला बास, मोती किती ते नको. गोष्ट पुढे न्यायला जितकं लागतं तितकं घ्यायचं आणि बाकीचं पुढच्या वाचनासाठी राहू द्यायचं.

कादंबरी संपल्यानंतर आत्याकडे गेले होते तेव्हा तिथून आतेभावाबरोबर रायगड केला. दादा पन्नास वेळा गेला असेल, मी पहिल्यांदाच. महादरवाज्यातून आत शिरल्यावर पहारेकऱ्यांच्या देवड्या बघितल्या आणि मी तिथेच बसून राहिले. कादंबरीत देवडीचा माझा अंदाज होता दारावरची पहाऱ्याची जागा, पण ती अशी दाराच्या आतल्या अंगाला, सावलीतली, दोन-चार माणसं बसतील एवढी असते हे बघितल्यावर कळलं. आणि जंग्या. वहीत लिहिलं होतं, तटातली भोकं, बंदुकीसाठी. इथे तटात ती भोकं बाहेरच्या बाजूला उतरती होत गेलेली दिसली. दादाने मला वाकून बघायला लावलं आणि म्हणाला, "आता सांग, खालून चढणारा दिसतो की नाही?" अगदी पायथ्याची वाट दिसत होती. ते उतरतेपण कुठल्या वाक्यात नव्हतं. मी तिथेच वही काढून जंग्यांपुढे लिहिलं.

सध्या सभासदाची बखर वाचतेय, कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेली. ही कादंबरीपेक्षा खूप वेगळी आहे. कादंबरीचा लेखक आपल्यासाठी लिहीत असतो, अवघड शब्द ठेवला तरी शेजारी धूळ, घोडा, मुजरा असं काहीतरी ठेवून जातो. सभासदाला तशी गरजच नव्हती, त्याच्या वाचणाऱ्याला जासूद आणि बारगीर रोज दिसत होते. त्यामुळे वाक्यं छोटी, तुटक आणि मदत कमी. पण बारगीर, हवालदार, जुमला, हजारी हा भाग आला तेव्हा मी न अडता वाचत गेले, टिंब एकही नाही, आणि पुढच्याच पानावर पाच नवीन शब्द उभे होते. पेन्सिल परत हातात घेतलीय.